मेमरीची राखण: विंडोज, लिनक्स, मॅक आणि फोन यांच्यात फरक नेमका कुठे आहे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’, ‘मॅक मुळातच सुरक्षित’, ‘विंडोज म्हणजे चाळण’ ही वाक्यं ऐकली नाहीत असा संगणक वापरणारा माणूस सापडणं कठीण. तिन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि त्यांच्या भरवशावर माणसं आपली यंत्रं उघडी ठेवतात. म्हणून हे लिहितो आहे. इथे मी एकाच कोपऱ्याबद्दल बोलणार आहे: रॅममध्ये पडलेल्या मजकुराला कोण हात लावू शकतं आणि कोण नाही, हे वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम कसं ठरवतात.

मेमरी प्रोटेक्शन म्हणजे काय?

तुमच्या संगणकावर एकाच वेळी ब्राउझर, हिशेबाचं सॉफ्टवेअर, व्हॉट्सॲप आणि अँटिव्हायरस चालू असतात. सगळ्यांचा माल एकाच रॅममध्ये असतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक असली तर फक्त तेवढंच बंद पडावं, शेजाऱ्यांना धक्का लागू नये. ब्राउझरमध्ये एखादं लबाड पान उघडलं गेलं तर त्याला हिशेबातले आकडे वाचता येऊ नयेत. आणि या सगळ्यांवर देखरेख करणाऱ्या कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, तर कुणीच हात लावू नये. एवढी व्यवस्था म्हणजे मेमरी प्रोटेक्शन.

हे काम ऑपरेटिंग सिस्टीम करते की प्रोसेसर?

नियम ऑपरेटिंग सिस्टीम लिहिते, राबवतो प्रोसेसर. प्रोग्राम मेमरीचा जो पत्ता वापरतो तो खरा नसतोच. प्रत्येक प्रोसेसपाठी, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामपाठी, कर्नल एक नोंदवही ठेवतं, तिला पेज टेबल म्हणतात. सातबारावर जमिनीचा गट क्रमांक, मालक आणि इतर हक्क एकत्र सापडतात, तसंच इथे असतं. हे पान रॅममध्ये खरं कुठे आहे, इथे लिहिता येईल की फक्त वाचता येईल, इथला मजकूर कोड म्हणून चालवता येईल का, आणि पान कर्नलचं आहे की साध्या प्रोग्रामचं, हे सगळं एका ओळीत नोंदलेलं असतं. इंटेल-एएमडीवर असं एक पान सहसा ४ केबीचं असतं, ॲपलच्या स्वतःच्या चिपवर १६ केबीचं.

सातबारा आपण वाद निघाल्यावर काढतो. प्रोसेसर हा उतारा मेमरीला प्रत्येक वेळी हात लावताना तपासतो, सेकंदाला अब्जावधी वेळा. नोंद जुळली नाही तर तो काम थांबवून कर्नलला हाक मारतो. लिनक्सवर दिसणारा ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ आणि विंडोजवरचं ‘ॲक्सेस व्हायोलेशन’ ही त्याच हाकेची दोन नावं.

पूर्वी हे नव्हतं का?

मोठ्या यंत्रांवर होतं. १९६० च्या दशकात सुरू झालेल्या मल्टिक्स या प्रकल्पाने अधिकारांची एकात एक कडी ही कल्पना रुजवली. घरगुती संगणकांवर मात्र बराच काळ काहीच नव्हतं. डॉसमध्ये कुठलाही प्रोग्राम कुठेही लिहू शकायचा. जुन्या मॅकवर एक प्रोग्राम बिघडला की बऱ्याचदा सगळं यंत्रच पुन्हा सुरू करावं लागे. ॲमिगा या तेव्हाच्या घरगुती संगणकाची गोष्ट जास्त बोलकी आहे. तिथे प्रोग्राम एकमेकांना निरोप देताना मजकुराची प्रत न देता थेट मेमरीतला पत्ता द्यायचे. त्यामुळे काम वेगात व्हायचं, पण भिंत घालायची म्हटली तर ही सगळी देवाणघेवाणच मोडली असती. मेमरी प्रोटेक्शन मागाहून चिकटवणं इतकं अवघड का, ते यावरून कळतं.

इंटेलने १९८२ च्या ८०२८६ प्रोसेसरमध्ये मेमरीला कुंपण घालणारा प्रोटेक्टेड मोड दिला आणि १९८५ च्या ८०३८६ मध्ये पानांची व्यवस्था. म्हणजे प्रोसेसर तयार होता, सॉफ्टवेअर मागे राहिलं. विंडोज ९५ ने प्रोग्रामांना स्वतंत्र जागा दिल्या खऱ्या, पण सामाईक भागातला मोठा पट्टा कुठल्याही प्रोग्रामला लिहिण्यासाठी उघडाच ठेवला, कारण जुने १६-बिट प्रोग्राम चालायला हवे होते. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये पूर्ण भिंत होती. ती घराघरात पोहोचली विंडोज एक्सपीसोबत, २००१ मध्ये. मॅक ओएस एक्सची पहिली आवृत्तीही २००१ चीच. दोन्हीकडच्या सामान्य माणसाला खरं संरक्षण एकाच वर्षी मिळालं. युनिक्सच्या घराण्यात वाढलेल्या लिनक्सला ते १९९१ पासून, म्हणजे जन्मतःच होतं. ‘लिनक्स सुरक्षित’ ही ख्याती या जुन्या फरकातून बरीचशी आली असावी असं मला वाटतं.

मग आज यांच्यात फरक काय?

प्रोसेस आणि प्रोसेस यांच्यामधली भिंत सगळीकडे सारखीच भक्कम आहे. ती प्रोसेसरची आहे. फरक तीन ठिकाणी पडतो. भिंतीच्या आतल्या चुकीचं काय करायचं, शेजाऱ्याला अधिकृतपणे आत डोकावू द्यायचं का, आणि कर्नलच्या आत कुणाला घ्यायचं. पुढचे प्रश्न याच क्रमाने आहेत, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फरक तिसऱ्या ठिकाणी आहे.

भिंत भक्कम असेल तर हल्ले कसे होतात?

कारण हल्लेखोराला बहुतेक वेळा भिंत ओलांडायचीच नसते. तो प्रोग्रामला त्याच्या स्वतःच्याच मेमरीत चूक करायला लावतो.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेला मॉरिस वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, पाहा. युनिक्सवरचा ‘फिंगर’ सेवेचा प्रोग्राम बाहेरून आलेली ओळ ५१२ बाइटच्या जागेत घेत होता, पण ती ओळ किती लांब आहे हे तपासत नव्हता. वर्मने मुद्दाम जास्त लांब ओळ पाठवली. जादा मजकूर स्टॅकवर, म्हणजे प्रोग्रामच्या तात्पुरत्या नोंदींच्या मेमरीवर, सांडला, आणि काम संपल्यावर परत कुठे जायचं तो पत्ताच त्याने बदलून टाकला. पेज टेबलच्या दृष्टीने यात काहीच गैर नव्हतं. प्रोग्राम स्वतःच्याच पानावर लिहीत होता. ज्या सी फंक्शनमुळे हे झालं ते ‘गेट्स’ हे फंक्शन भाषेच्या प्रमाणातून काढायला २०११ साल उजाडलं. तेवीस वर्षं!

२०१४ चं हार्टब्लीड त्याहून स्वच्छ उदाहरण आहे. वेबवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे सर्व्हर एका विनंतीमागे ६४ केबीपर्यंत स्वतःची मेमरी बाहेर पाठवायचा. त्यात पासवर्ड असायचे, कधी खाजगी किल्ल्याही. खाली लिनक्स आहे की विंडोज याने इथे फारसा फरक पडत नव्हता.

स्टॅकवर सांडलेला मजकूर कोड म्हणून चालूच दिला नाही तर?

अगदी हाच विचार पुढे आला. पान लिहिण्याजोगं असेल तर ते चालवण्याजोगं नको. एएमडीच्या २००३ मधल्या ६४-बिट प्रोसेसरांनी यासाठी पेज टेबलमध्ये एक बिट दिला, पुढे इंटेलनेही दिला. पण पॅक्स या लिनक्सच्या पॅचने २००० च्या सुमारास, प्रोसेसरची मदत नसतानाच, ही युक्ती करून दाखवली होती. ओपनबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टीमने २००३ मध्ये ती नियमच केली. मायक्रोसॉफ्टने ब्लास्टर वर्मचा मार खाल्ल्यावर ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मधून ती आणली, डीईपी या नावाने. मात्र घरगुती विंडोजवर ती सुरुवातीला फक्त विंडोजच्या स्वतःच्या मुख्य प्रोग्रामांपुरती चालू होती. आयफोन याहून कडक आहे: ओळख पटवणारी डिजिटल सही नसलेलं पान तिथे सहसा चालत नाही.

हल्लेखोर थांबले का? नाही. नवा कोड आणता येत नाही म्हटल्यावर ते प्रोग्राममध्ये आधीच असलेले कोडचे तुकडे आपल्या सोयीच्या क्रमाने जोडून वापरू लागले.

पत्ते विस्कटून ठेवण्याच्या युक्तीबद्दल वाचलं. ती सगळीकडे सारखीच असते ना?

हिचं नाव एएसएलआर, आणि ती सगळीकडे सारखी अजिबात नसते. तुलनेच्या तक्त्यांत चारही रकान्यांत ‘आहे’ असं लिहून मोकळे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

कल्पना अशी, की प्रोग्राम, त्याच्या लायब्ररी (तयार कोडचे सामाईक संच), स्टॅक, हीप (चालताना लागेल तशी घेतलेली मेमरी) हे सगळं दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी ठेवायचं. हल्लेखोराला आपले तुकडे कुठे आहेत तेच कळू नये. नाव आणि पहिलं काम पॅक्सचं. मुख्य लिनक्स कर्नलमध्ये ती २००५ मध्ये आली, विंडोजमध्ये व्हिस्टासोबत, मॅकवर २००७ मध्ये अर्धीमुर्धी आणि २०११ च्या लायनमध्ये पूर्ण.

आता फरक पाहा. लिनक्सवर प्रोग्राम जितक्यांदा सुरू कराल तितक्यांदा त्याच्या लायब्ररींना नवी जागा मिळते. विंडोजवर एखाद्या डीएलएलची, म्हणजे तिथल्या लायब्ररीची, जागा सहसा यंत्र सुरू झाल्यावर एकदा ठरते आणि पुन्हा यंत्र बंद होईपर्यंत सगळ्या प्रोसेसना तीच राहते, कारण एकच प्रत सगळ्यांत वाटली की रॅम वाचते. मॅकवरही सिस्टीमच्या लायब्ररींचा एकत्रित गठ्ठा यंत्र सुरू होताना एकदाच हलवला जातो. अँड्रॉइडवर झायगोट नावाची एक मूळ प्रोसेस असते आणि ॲप त्याच मुशीतून ओतली जातात. ॲप चटकन उघडतं ते त्यामुळे. पण त्यामुळेच सगळ्या ॲपमधल्या मूळ लायब्ररींचे पत्ते सारखे राहतात. एका ॲपमध्ये पत्ता कळला की दुसऱ्यातला शोधावा लागत नाही.

विस्कटायला जागा किती हेही महत्त्वाचं. व्हिस्टाच्या काळात डीएलएलसाठी २५६ च शक्य जागा होत्या. ६४-बिट लिनक्सवर लायब्ररींच्या जागेसाठी साधारण २८ बिट वापरले जातात, म्हणजे सव्वीस कोटींहून जास्त शक्यता. तुमच्याकडे अजून ३२-बिट सिस्टीम चालू असेल तर ती बदलायला हे एकच कारण मला पुरेसं वाटतं.

ओपनबीएसडी इथेही एक पाऊल पुढे आहे. २०१७ पासून तिथलं कर्नल दर वेळी नव्याने जोडलं जातं. नुसती सुरुवातीची जागा नव्हे, आतल्या तुकड्यांचा क्रमही बदलतो.

एक प्रोग्राम दुसऱ्याची मेमरी अधिकृतपणे वाचू शकतो का?

हो. डीबगर, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन, त्याचं कामच ते. प्रश्न एवढाच, की परवानगी किती सैल. विंडोजवर एकाच वापरकर्त्याचे प्रोग्राम साधारणपणे एकमेकांच्या मेमरीत पाहू शकतात. ॲडमिनिस्ट्रेटर झाल्यावर तर लॉगिनची गुपितं सांभाळणाऱ्या एलसॅस या प्रोसेसपर्यंतही पोहोचता येत असे. मिमिकॅट्झ हे हत्यार त्यावरच गाजलं. त्यावर उत्तर म्हणून विंडोज १० मध्ये क्रेडेन्शियल गार्ड आलं. त्यात ही गुपितं हायपरव्हायझरच्या, म्हणजे कर्नलच्याही खाली चालणाऱ्या थराच्या, आड, खुद्द कर्नललाही दिसणार नाहीत अशा जागी ठेवतात. ही रचना मला मनापासून आवडते.

उबुंटूमध्ये २०१० पासून प्रोग्राम सहसा फक्त स्वतः सुरू केलेल्या प्रोग्रामांनाच तपासू शकतो. मॅकवर २०१५ पासून ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसमध्ये रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही डोकावता येत नाही. या एका मुद्द्यावर मॅक पुढे आहे.

मेमरी भरली की मजकूर डिस्कवर जातो. तिथे तो सुरक्षित असतो का?

मॅक आणि ओपनबीएसडी तो कूटबद्ध करूनच लिहितात. विंडोजवर बिटलॉकर हे डिस्क कूटबद्ध करणारं साधन चालू असेल तर पेजफाइलही (हा मजकूर ठेवायची फाइल) झाकली जाते, नाहीतर उघडी राहते. लिनक्सवर तुम्ही बसवताना काय निवडलंत त्यावर आहे. जुना लॅपटॉप विकताना हे आठवा.

कर्नलच्या आत कुणाला घेतात, त्याने एवढा काय फरक पडतो?

१९ जुलै २०२४ चा दिवस आठवा. मुंबई, दिल्ली, बंगळूरुच्या विमानतळांवर पडदे निळे झाले होते आणि प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळत होते. क्राउडस्ट्राइक या कंपनीचं सुरक्षा सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर म्हणून चालतं, म्हणजे एरवी प्रिंटरसारखी यंत्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जागी. त्या दिवशी आलेल्या माहितीच्या फाइलसाठी ड्रायव्हर २१ रकाने वाचायला गेला, त्याला दिलेले होते २०. एकविसावा वाचताना तो यादीच्या बाहेरच्या पत्त्यावर गेला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रं बंद पडली.

साध्या प्रोग्रामने हीच चूक केली असती तर तो एकटा बंद झाला असता आणि तुम्ही कदाचित लक्षही दिलं नसतं. पण कर्नलच्या आत भिंती नसतात. तिथला प्रत्येक ड्रायव्हर बाकी सगळं वाचू आणि लिहू शकतो. त्यामुळे तिथे गडबड दिसली की विंडोज मुद्दाम सगळंच थांबवतं, नाहीतर बिघडलेला मजकूर डिस्कवर लिहिला जाण्याची भीती असते. निळा पडदा म्हणजे अपयश असं आपण समजतो. तो खरं तर शेवटचा बांध आहे.

त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर असलेले मॅक त्या दिवशी चालू राहिले. ती सदोष फाइल विंडोजसाठीच होती हे पहिलं कारण. पण दुसरं कारण रचनेतलं आहे. ॲपलने २०१९ च्या कॅटालिनापासून बाहेरच्या कंपन्यांना कर्नलच्या बाहेर काढायला सुरुवात केली आणि सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी बाहेरून माहिती मिळवण्याचा वेगळा दरवाजा दिला. ॲपलच्या नव्या चिपवर कर्नलमध्ये बाहेरचं काही घालायचं तर यंत्र रिकव्हरीत नेऊन सुरक्षा स्वतःच्या हाताने कमी करावी लागते. लिनक्समध्ये ईबीपीएफ आहे: छोटा प्रोग्राम कर्नलमध्ये चालतो, पण आधी एक तपासनीस त्याची प्रत्येक वाट पाहून घेतो. त्या तपासनीसातही चुका सापडल्या आहेत, तरी दिशा योग्य आहे. मायक्रोसॉफ्टनेही या घटनेनंतर सुरक्षा कंपन्यांना कर्नलबाहेर आणायचं काम हाती घेतलं.

विंडोजची अडचण मी समजू शकतो. हजारो कंपन्यांचे ड्रायव्हर, दहा-पंधरा वर्षांचे प्रिंटर, कारखान्यातली यंत्रं हे सगळं चालत राहावं हे वचन त्यांनी पाळलं. पण हल्लेखोर आता सही असलेला, पण सदोष असा जुना ड्रायव्हर स्वतःच सोबत घेऊन येतात आणि त्यातून कर्नलमध्ये शिरतात. विंडोज ११ मध्ये अशा ड्रायव्हरांची बंदी-यादी असते, ती म्हणूनच.

ड्रायव्हर कर्नलबाहेर ठेवणाऱ्या सिस्टीम नाहीतच का?

आहेत. मोटारींत चालणारं क्यूएनएक्स तसंच आहे. तिथे ड्रायव्हर साध्या प्रोग्रामासारखा असतो, पडला तर पुन्हा सुरू करता येतो. ऑस्ट्रेलियात घडलेल्या एसईएलफोर या कर्नलचा अचूकपणा २००९ मध्ये गणिती पद्धतीने सिद्ध झाला. त्यात सी भाषेच्या सुमारे ८,७०० ओळी होत्या. लिनक्सच्या कर्नलमध्ये आज तीन कोटींहून जास्त आहेत. एवढ्याची सिद्धता कुणी करू शकत नाही.

मेल्टडाउनमध्ये काय झालं होतं?

जानेवारी २०१८ मध्ये कळलं, की राबवणारा पहारेकरीच चुकत होता. इंटेलचे बरेच प्रोसेसर हक्क तपासण्याचा निकाल यायच्या आत पुढचं काम करून ठेवायचे. नंतर ते रद्द व्हायचं, पण कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीत, त्याच्या खुणा राहायच्या. त्या खुणांवरून साध्या प्रोग्रामला कर्नलची मेमरी वाचता येत होती. लिनक्स, विंडोज, मॅक तिघांनी एकच उपाय केला: प्रोग्राम चालू असताना कर्नलची जवळजवळ सगळी पानं त्याच्या नोंदवहीतून काढूनच टाकली. एएमडीला मेल्टडाउनचा त्रास नव्हता. त्याच वेळी उघड झालेल्या स्पेक्टर या दुसऱ्या त्रुटीचा मात्र होता.

भारतीय बॉस लिनक्स किंवा माया वेगळं काही देतात का?

सी-डॅकचं बॉस डेबियनवर उभं आहे आणि संरक्षण मंत्रालयाचं माया उबुंटूवर. मेमरीची राखण लिनक्स कर्नलचीच. आवृत्ती किती ताजी ठेवता, एवढंच पाहायचं.

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेची एवढी चर्चा का चालते?

कारण वर सांगितलेले बहुतेक उपाय चूक झाल्यानंतरचे आहेत. रस्टसारख्या भाषेत यादीबाहेर जाणं, सोडून दिलेली जागा पुन्हा वापरणं अशा चुका बऱ्याचशा कंपाइल होतानाच, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनतानाच, अडतात, उरलेल्यांपैकी बहुतेक चालताना पकडल्या जातात. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं, की त्यांच्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुका असतात. अँड्रॉइडमध्ये हे प्रमाण २०१९ साली ७६ टक्के होतं. नवा कोड रस्ट, कोटलिनसारख्या भाषांत लिहायला लागल्यावर २०२४ मध्ये ते २४ टक्क्यांवर आलं. जुना कोड त्यांनी फेकला नाही, नवा सी आणि सी++ मध्ये लिहिणं कमी केलं. लिनक्स कर्नलमध्ये रस्टला डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत जागा मिळाली.

जो सी कोड राहणारच आहे त्याच्यासाठी प्रोसेसरकडून नवी मदत येते आहे. फोनच्या प्रोसेसरांची रचना करणाऱ्या आर्म कंपनीच्या एमटीईमध्ये मेमरीच्या दर १६ बाइटला चार बिटांची खूण असते आणि पॉइंटरवरही, म्हणजे प्रोग्रामने जपलेल्या मेमरीच्या पत्त्यावरही, तीच. जुळली नाही तर काम थांबतं. गूगलच्या २०२३ च्या पिक्सेल ८ फोनमध्ये ती प्रयत्न करून चालू करता येत होती. २०२५ च्या आयफोन १७ मध्ये ॲपलने याच जातीचं संरक्षण कर्नल आणि अनेक महत्त्वाच्या प्रोसेससाठी आपोआप चालू ठेवलं.

मग सगळ्यात सुरक्षित कोणती?

मेमरीपुरतं बोलायचं तर आजचा नवा आयफोन पहिला. पिक्सेल त्याच्या जवळपास. डेस्कटॉपवर ॲपल चिपचा मॅक, मग नीट बसवलेलं विंडोज ११ आणि ताजं लिनक्स साधारण बरोबरीने. ओपनबीएसडी काळजीपूर्वक घडवलेली आहे, पण रोजच्या कामाला सगळ्यांना पुरेल असं नाही. हे माझं मत. पॅच न घातलेला मॅक मात्र पॅच घातलेल्या विंडोजच्या मागेच ठेवीन.

माझ्या विंडोज ११ वर ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद दिसते. चालू करू का?

करा. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन या वाटेने जा. ही सोय चालू असली की कर्नलमध्ये कुठला कोड चालू द्यायचा ते कर्नलच्या बाहेरून, हायपरव्हायझरच्या आडून तपासलं जातं. जुन्या प्रोसेसरवर थोडा वेग कमी होतो. चालू होत नसेल तर तिथेच नडणाऱ्या ड्रायव्हरांची यादी दिसते. त्यातली नावं नीट वाचा. बहुतेकदा ती कधीच बाद झालेल्या स्कॅनरची, डाँगलची किंवा बायोमेट्रिक यंत्राची असतात. ते यंत्र आता वापरात नसेल तर त्याचं सॉफ्टवेअर काढा. वापरात असेल तर आधी कंपनीकडे नवा ड्रायव्हर मागा, आणि तोपर्यंत त्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नका.